काकू, ते पिल्लू आता धावतं

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही मला जे सांगितलंत ते पिल्लं घरी आणायच्या आधी प्रत्येकाच्या कानावर पडायला हवं.

तो तिसरा दिवस होता. कोंबडीची अकरा पिल्लं आणि बदकाची पाच, सगळी एकाच खोक्यात. माझ्या मते मी काही कमी ठेवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण 3 अंशांनी कमी करत न्यायची, हे पाठ केलं होतं. खाद्य ताजं होतं. खाली वर्तमानपत्र होतं, आणि ते मी दिवसातून दोनदा बदलत होते. स्वच्छ आहे म्हणजे चांगलं आहे, इतकीच माझी समजूत होती.

त्या सकाळी एक पिवळं पिल्लू पोटावर पडलेलं दिसलं. दोन्ही पाय दोन बाजूंना फाकलेले. उठायला बघायचं, घसरायचं, परत पोटावर. मला वाटलं काहीतरी रोग आला, आता एकेक करून सगळी जाणार. रडवेल्या आवाजात तुम्हाला फोन केला, तेव्हा तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "पायाखाली काय घातलंयस?"

आल्यावर तुम्ही आधी पिल्लाला हात लावला नाहीत. कागदावरून बोट फिरवलंत. सुळकन सरकलं. म्हणालात, "ओल्या फरशीवर आपण कसे जपून चालतो? हे बाळ जन्मल्यापासून तसंच चालतंय." नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पायांत जोर नसतो, सांधे कोवळे असतात. नखं रुतवायला काही मिळालं नाही की मांड्या फाकत जातात, आणि काही दिवस तसेच राहिले की पाय त्याच ठेवणीत पक्के होतात. हे तुम्ही बोलत होतात आणि मी त्या गुळगुळीत कागदाकडे बघत होते. मीच तो रोज दोनदा प्रेमाने अंथरला होता.

मग तुम्ही जखमेवर लावायची साधी चिकटपट्टी मागितलीत आणि ती उभी कापलीत. पट्टीच्या मधला मऊ कापसाचा भाग दोन पायांच्या मध्ये आणि चिकट टोकं एकेका पायाभोवती, फार आवळून नाही. पिल्लू उभं असताना पाय एकमेकांपासून जेवढे लांब असायला हवेत तेवढंच अंतर. पिल्लू तुमच्या तळहातावर होतं, तुमचा अंगठा त्याच्या पाठीवर, आणि त्याची धडधड मला लांबून दिसत होती. तुम्ही त्याला खडबडीत कापडावर ठेवलंत. ते दोनदा कोलमडलं. तिसऱ्यांदा उभं राहिलं. अगदी दोन क्षण, पण राहिलं. रोज पट्टी सोडून बघ, पायावर वळ उठू देऊ नकोस, पाणी चोचीपाशी धर, असं बजावून तुम्ही उठलात. चौथ्या दिवशी पट्टीची गरज उरली नाही. हे इतक्या लवकर हाती लागलं म्हणून जमलं, उशीर झाला की अवघड होतं, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत.

खरं तर काम तेवढ्यावर संपलं होतं. पण तुम्ही माझी भुशाची पिशवी उघडायला लावलीत. लाकडाचा बारीक भुसा, अगदी पिठासारखा. मऊ असेल म्हणून आणला होता. तुम्ही चिमूटभर घेऊन उजेडात फुंकलात आणि हवेत नुसती धूळ उभी राहिली. "ही त्यांच्या नाकात जाणार. आणि खाद्य समजून पोटातही जाणार." पहिले दोन-तीन दिवस पिल्लू दिसेल ते टिपतं, भुसा कुठला आणि दाणा कुठला हे त्याला कळत नाही. पोटभर भुसा खाल्लेल्या पिल्लाची गळ्याखालची अन्नपिशवी तुंबते. म्हणून गादीवर, म्हणजे पिल्लांच्या पायाखालच्या मऊ थरावर, सुरुवातीला खरबरीत टिपकागद अंथरायचा, त्यावरच थोडं खाद्य भुरभुरायचं, आणि दाणा ओळखू लागली की कागद काढून घ्यायचा. वर्तमानपत्र हवंच असेल तर सगळ्यात खाली, गादीच्या तळाशी. पाय त्याला लागता कामा नये.

मग गादी कशाची? रंधा मारताना निघणारे मोठे, कोरडे, कुरळे छिलके तुम्हाला पसंत. भाताचं तूसही चालेल, पण चाळून धूळ काढलेलं. जाडी दोन-तीन इंच. छिलके कुठल्या लाकडाचे हे विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. सीडरसारख्या उग्र वासाच्या लाकडातलं तेल बंद खोक्यात श्वासाला बाधतं. रंग, पॉलिश किंवा कीडनाशक लावलेल्या लाकडाचे तर नकोतच. आणि मांजरांसाठी मिळते ती ओलं झाल्यावर गोळा होणारी माती कधीच नाही. गिळली तर तीच पोटात गोळा होईल.

माझ्याकडचं गवत तुम्ही हातात घेतलंत, मधून फाकवलंत आणि बाजूला टाकलंत. वरून सोनेरी, आत करडी बुरशी. त्या बुरशीचे कण पिल्लाच्या फुप्फुसात गेले की ते चोच उघडून धापा टाकतं, आणि मग उपचार फारसे हातात राहत नाहीत. ब्रूडर न्यूमोनिया म्हणतात तो हाच. तुम्ही गेल्यावर मी ते सगळं गवत बाहेर काढलं.

बदकांच्या बाबतीत तर मी पुरती चुकले होते. पाण्यातलाच पक्षी, गादी ओली असली तर बिघडलं कुठे, असं वाटायचं. बदकाचं पिल्लू नाकपुड्यांपर्यंत चोच बुडवून पाणी पितं आणि तेवढंच सांडतं. त्याची विष्ठाही पातळ. पण आईविना वाढणाऱ्या पिल्लाच्या लवेवर आईच्या पिसांचं तेल लागलेलं नसतं. ते भिजतं, आणि भिजलं की गारठतं. तुम्ही दोन्ही प्रकार वेगळे करायला लावलेत आणि पाण्याचं भांडं ट्रेवर जाळी ठेवून त्यावर मांडलंत, म्हणजे सांडलेलं खाली ट्रेमध्ये. चोच बुडेल एवढं खोल, पण आत उतरता येणार नाही असं. जाताजाता हेही सांगितलंत, की बदकाच्या पिल्लाचे पाय वाकायला लागले तर गादीबरोबर खाद्यही तपास, त्यांना नियासिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं.

आणि मुठीची परीक्षा. ती मी आता रोज करते. गादीची मूठ भरून दाबायची. घट्ट लाडू वळला तर ओल जास्त झाली. मूठ उघडताच भसकन सांडली, धूळ उडाली, तर फार कोरडी. हलकेच धरून राहून मग सुटली की ठीक. उबेत ओली गादी म्हणजे रक्ती हगवणीच्या जंतूंना आवतणच.

पण सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते तुमचं गुडघे टेकून बसणं. तुम्ही खोक्यात वाकलात, गाल जवळजवळ गादीला लावलात आणि श्वास घेतलात. मलाही घ्यायला लावलात. उभ्याने मला कसलाच वास येत नव्हता; तिथे खाली डोळे चुरचुरले. "तुझं नाक इथं वर असतं बाई. त्यांचं नाक चोवीस तास तिथं असतं." तो अमोनिया. हवेच्या दहा लाख भागांत 25 च्या वर गेला की डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रास सुरू होतो, हे मी नंतर वाचलं. पण त्या आकड्याचा अर्थ मला तुमच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्यामुळे कळला. आता रोज सकाळी आधी वाकते, मग खाद्य घालते.

ते पिवळं पिल्लू आता इतरांतून ओळखू येत नाही. खाद्याचं भांडं हलवलं की जे सगळ्यात पुढे धावतं ते तेच असावं, असं मी मनाशी धरून चालले आहे.

बदकाची अंडी पुन्हा उबवायला ठेवली आहेत. 28 दिवस लागतात, त्यातले 19 झाले. या वेळी गादी आदल्या दिवशीच अंथरून दिवा लावून ठेवणार आहे, म्हणजे पहिलं पाऊल गार गादीवर पडणार नाही. दिवा पक्का बांधलाय, गादीपासून पुरेसा उंच. तुम्ही त्या दिवशी सकाळी या. पिल्लं सोडण्याआधी एकदा तुमचा हात त्या गादीवरून फिरवा.

तुमची,
पिल्लांवाली