धारवाडच्या मास्तरांना, खानापूरहून

आदरणीय मास्तर,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे छापायचं नाही असं फोनवर बजावलंत, म्हणून नुसतं मास्तर. आणि ज्यांच्यामुळे हा योग आला त्या बाईंचंही नाव मुद्दामच घालत नाही. ते घातलं की वाचणारे त्यांच्याबद्दलच बोलत बसतील. हे पत्र त्यांच्या साथीला तबल्यावर बसलेल्या माणसाला आहे.

एवढ्या मोठ्या गायिका धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात मुक्कामी राहून शिकवायला येणार हे कळलं तेव्हा मी तुम्हाला फोन केला तो मैफलीच्या पासांसाठी. बाहेरच्यांच्या वाट्याला तेवढंच येतं: शाल, हार, दीपप्रज्वलन, भाषणं, मग उरलेल्या वेळात गाणं. तुम्ही म्हणालात, “मैफल काय, मोबाईलवर पण ऐकाल. सकाळी पोरींना घेऊन या की.” संगीत विभागाच्या त्या खोलीत बसायचा आम्हाला काही हक्क नव्हता. माझ्या मुली विद्यापीठाच्या विद्यार्थिनी नाहीत. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांतून शिकलेल्या, माझ्या क्लासातून गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरी. तुम्ही विभागप्रमुखांना भेटलात, कन्नडमधला अर्ज स्वतःच लिहिलात आणि मला फक्त सही कुठे करायची ते दाखवलंत. बसभाड्याची काळजी नव्हती. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळे आधार कार्ड दाखवलं की आम्हा सगळ्यांचं तिकीट शून्याचं.

पहिल्या सकाळी बाई गायल्याच नाहीत. विभागातला मिरजेचा तंबोरा पुढ्यात घेतला आणि तो लावण्यातच वेळ गेला. आधी जोडीच्या तारा, मग खर्जाची, म्हणजे खालच्या ‘सा’ची, मग पंचमाची. खुंट्या पिळून झाल्यावर मणी केसभर वरखाली. मग घोडीवर तारेखालचा दोरा बोटाने इतका हळू सरकवत होत्या की हात हलतोय हे दिसतही नव्हतं. एका जागी तार बोथट वाजायची, किंचित पुढे गेलं की अचानक उघडायची आणि खोलीभर घुमायची. माझी धाकटी विद्यार्थिनी चटकन म्हणाली, “बाई, गंधार कोण गातंय?” ‘ग’ हा स्वर कोणी गात नव्हतं, खर्जाच्या तारेतूनच तो ऐकू येत होता. आजवर तिने सूर धरला तो मोबाईलमधल्या तंबोऱ्याच्या ॲपवर. परीक्षेपुरतं ते चालतं, पण गंधार असा आपणहून येऊन बसलेला तिने प्रथमच ऐकला.

पुढचे दिवस यमन रागाचे, तेही विलंबित, म्हणजे संथ, तीनतालात. परीक्षेसाठी आम्ही आलाप आणि ताना वहीत लिहून पाठ करून घेतो, आठ मात्रांची तान, सोळा मात्रांची तान. बाईंनी वह्या मिटायला लावल्या आणि एकच काम दिलं: सोळा मात्रांचं एक आवर्तन भरा आणि बंदिशीचा मुखडा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, या. बस्स. कोणी दोन मात्रा आधी पोचायची, कोणी सम ओलांडून पुढे जायची. बाई काही बोलायच्या नाहीत, नुसतं तुमच्याकडे बघायच्या. आणि तुम्ही ठेका सोडला नाहीत.

आभार मानायचे ते ह्या ठेक्याचे. मोठ्या गायिकेला साथ करायला कोणीही हौसेने बसेल. चुकणाऱ्या पोरींसाठी तोच साधा ठेका, एक तुकडा न घालता, लय तसूभर न वाढवता दुपारपर्यंत वाजवत बसणं हे फार थोड्यांना जमतं. बाई जेवायला गेल्या तरी तुम्ही उठत नव्हता. “आणखी एकदा, धा वर यायचं,” एवढंच. त्या खोलीत बाई हिंदीतून सांगायच्या, तुम्ही कन्नडमध्ये मान्य करायचात आणि पोरी मराठीत हसायच्या. पाट्यांच्या भाषेवरून आमच्याकडे काय काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तिथे कोणाला त्याची आठवणही झाली नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2023 मध्ये अशा मुक्कामी कलावंतांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात गुरू, परमगुरू, परमेष्ठी गुरू अशा पायऱ्या आहेत म्हणे. ठीक आहे, कागद लागतोच. पण धारवाडला हे नवीन नाही. प्राथमिक शाळेपलीकडे न शिकलेल्या गंगूबाई हनगल याच विद्यापीठात मानद प्राध्यापक होत्या. आणि सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व आमच्याच जिल्ह्याचे, हे आम्ही भाषणांत दरवर्षी अभिमानाने सांगतो. भाषण संपलं की सुळेभावीच्या आसपासची मुलगी गाणं शिकायला कुठे जाते, हे कोणी विचारत नाही. माझ्या मुली गेल्या त्या तुमच्या भरवशावर. दार उघडून देणाऱ्या माणसाला त्या सूचनांत कुठलीच पायरी नाही, म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे.

क्लासातली खबर अशी: ताना पाठ करणं चालूच आहे, परीक्षा काही सुटत नाही. पण रोजचा पहिला अर्धा तास आता वह्या बंद असतात. पोरी आळीपाळीने हातावर ताल धरतात, बाकीच्या आवर्तन भरतात. थोरली आता बऱ्याचदा समेवर येते. धाकटीला अजून घाई आहे.

गावात सप्ताह बसेल तेव्हा तुम्ही यायचं कबूल केलं आहे, ते विसरू नका. काल्याच्या आदल्या रात्री भजन झाल्यावर पोरी यमन गाणार आहेत. राहायची सोय आमच्या घरी. काकूंनाही घेऊन या. मंडळाच्या डग्ग्याची शाई उडाली आहे आणि दुरुस्तीला कोणी हलत नाही, तेव्हा येताना तुमचीच जोडी आणा.

आपली नम्र,
खानापूरची गाण्याची बाई