गुलामव्यापाराच्या मुळाशी साखर

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील अटलांटिक गुलामव्यापारावरचा लेख वाचला. जहाजांवरच्या हालांचे वर्णन त्यात नेमके आहे. पण उतरल्यानंतर या माणसांचे काय झाले, हे ‘त्यांना मळ्यांवर राबवले जाई’ एवढ्या एका वाक्यात आटोपले आहे आणि सोबतचे चित्र अमेरिकेतल्या कापसाच्या शेताचे आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलाममुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केली, तेव्हापासून मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे अमेरिकाच येते. ते चूक नाही, पण फार अपुरे आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांवर चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. त्यांतली आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरलेली माणसे चार लाखांच्याही आत भरतात. बाकीची बहुतेक सगळी ब्राझील आणि कॅरिबियन बेटांकडे गेली, आणि तिथे सर्वाधिक माणसे लागली ती उसाला.

ऊस तोडला की त्याचा उतारा घटू लागतो आणि काढलेला रस तर उष्ण हवेत काही तासांत आंबतो, हे आपल्याकडच्या ऊसपट्ट्यातल्या वाचकाला सांगायला नको. म्हणून जमैका, बार्बाडोस, सेंट-डॉमिंग (आजचे हैती) इथल्या मळ्यांवर शेत आणि कारखाना एकाच आवारात, एकाच मालकाच्या हाती असे. हंगाम साधारण जानेवारीत सुरू होऊन पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चाले. त्या काळात चरक रात्रीही थांबत नसे. दिवसा तोड करणाऱ्यांनाच आळीपाळीने रात्रपाळी लागे.

चरकाला तीन उभे रूळ असत. एका बाजूने एकजण ऊस सारी, पलीकडचा चिपाडे परत उलट घाली. डुलकी लागली की बोटे रुळात जात, मागोमाग हात. वाऱ्यावर किंवा पाण्यावर फिरणारा चरक ओरडल्याबरोबर थांबत नाही. त्यासाठी शेजारी कुऱ्हाड तयार ठेवलेली असे: हात तोडायचा आणि माणूस वाचवायचा. आपण काय पत्करले आहे हे मालकांना पुरते ठाऊक होते, याला याहून वेगळा पुरावा नको.

उकळघरात तांब्याच्या चार-पाच कढया उतरत्या मापाने एका रांगेत मांडलेल्या असत. पहिल्या मोठ्या कढईत रसात चुना घालून वर आलेला मळ काढायचा, मग लांब दांड्याच्या पळ्यांनी रस पुढच्या कढईत ओतत न्यायचा. सर्वांत लहान कढई सर्वांत कडक आचेवर असे. तिथला पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि भाजतच राहतो. चुना किती आणि पाक नेमका केव्हा उतरवायचा, हे आपल्या गुऱ्हाळातल्या गुळव्यासारखा एक कसबी माणूस ठरवी. तोही गुलामच. त्याचा अंदाज चुकला तर दाणा धरत नसे. तयार साखर तळाला भोके असलेल्या पिंपांत भरून ठेवत, मळी काही आठवडे निथळत राही आणि तिची रम होई.

लागणीची तऱ्हाही अशीच. नांगर ठाऊक असूनही चार-पाच फुटांच्या आखलेल्या चौकोनांत पाच-सहा इंच खोल खड्डे कुदळीने खणून घेत आणि शेणखत टोपल्यांतून डोक्यावर वाहून नेत. सुतारकाम, पिंपे बांधणे, पाक काढणे ही कामे पुरुषांकडे जात, त्यामुळे या पहिल्या, सर्वांत कष्टाच्या टोळीत अनेक मळ्यांवर बायकाच अधिक असत. गर्भ टिकत नसत, मुले जगत नसत. जमैकात सुमारे दहा लाख माणसे उतरवली गेली. त्यातले काही पुढे दुसऱ्या वसाहतींत विकले गेले हे धरूनही, १८३४ साली तिथे जेमतेम तीन लाखांवर गुलाम उरले होते. उलट अमेरिकेत चार लाखांहून कमी आलेल्यांची संख्या १८६० पर्यंत ४० लाखांच्या घरात गेली. क्रौर्य तिथेही होते, पण बहुतेकांच्या वाट्याला ऊस नव्हता.

लेखात मुक्तीचे सारे श्रेय ब्रिटिश संसदेत गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या विल्बरफोर्स प्रभृतींना दिले आहे. १८३१ च्या नाताळात जमैकात सॅम्युएल शार्प यांनी आखलेला लढा त्यात यायला हवा होता. तोड तोंडावर आली असताना मजुरीशिवाय कामाला हात लावायचा नाही, असा तो बेत होता. ऊस थांबू शकत नाही हे गुलामांइतके कोणाला ठाऊक होते? पुढे त्याचा उठाव झाला, तो चिरडला गेला, तीनशेहून अधिक जणांना मृत्युदंड झाला आणि शार्प यांना १८३२ साली फाशी दिले. पुढच्याच वर्षी गुलाममुक्तीचा कायदा आला.

‘१८३३ मध्ये ब्रिटनने गुलाम मुक्त केले’ हे वाक्यही दुरुस्त व्हावे. कायदा अमलात आला १ ऑगस्ट १८३४ ला, आणि तेव्हाही बहुतेक वसाहतींत सहा वर्षांखालची मुलेच मोकळी झाली. बाकीच्यांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे आठवड्याला ४५ तासांपर्यंत बिनमजुरीचे काम होते. ते १८३८ ला संपले. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, दोन कोटी पौंड. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडला. पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टन यांचे वडील जॉन ग्लॅडस्टन यांनी २,५०८ गुलामांबद्दल १ लाख ६ हजार ७६९ पौंड घेतले आणि १८३८ साली कलकत्त्याहून डेमेरारातल्या (आजचे गयाना) मळ्यांसाठी करारबद्ध हिंदी मजूर मागवले. रत्नागिरी, साताऱ्याकडची माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेली तीही याच मागणीपोटी. लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल तर त्यावर जरूर लिहावे.

— एक वाचक, कोल्हापूर