नंदाला पत्र: जावा, पोळ्या आणि एसटीचं तिकीट

कराड,
रविवार, संध्याकाळ

प्रिय नंदा,

परवा फोनवर तुला लेकीचा 'संबंध आणि फलन' हा धडा नीट सांगता आला नाही. मागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, तुझी लेक "मावशी, उद्या चाचणी आहे" म्हणून घाई करत होती, आणि मी दोन वाक्यांत उरकून टाकलं. फोन ठेवल्यावर चुटपुट लागून राहिली. अकरावीत आपल्याला याच धड्याने रडवलं होतं ना? सरांनी फळ्यावर व्याख्या लिहिली, दोन लंबगोल काढून त्यांच्यात बाण मारले आणि पुढच्या प्रकरणाकडे वळले. तू वही मिटलीस आणि वर्षअखेरीस गणितच सोडलंस. मी पुढे तेच शिकवायला लागले, पण तुझी ती मिटलेली वही अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून आज सावकाश लिहितेय. लेकीला वाचून दाखव, पण हे पत्र तुझं आहे.

गणितातला 'संबंध' म्हणजे आधी नातंच समज. तुमच्या घरात तिघी सुना: थोरली, तू आणि धाकटी. 'ही तिची जाऊ' असं ज्या ज्या दोघींबद्दल म्हणता येईल त्यांची जोडी लिहायची: (थोरली, तू), (तू, थोरली), (तू, धाकटी)... अशा सहा जोड्या होतात. या जोड्यांचा संच म्हणजेच संबंध. त्यामागे आणखी काही गूढ नाही. जोडीत कोण आधी आणि कोण नंतर याला मात्र महत्त्व आहे, म्हणून तिला क्रमित जोडी म्हणतात. 'सासू' या नात्यात (सासूबाई, तू) बसते, (तू, सासूबाई) बसत नाही. 'जाऊ' दोन्हीकडून सारखं, म्हणून तो संबंध सिमेट्रिक.

आता मुलं हमखास चुकतात ती जागा. ट्रान्झिटिव्ह म्हणजे पहिलीचं दुसरीशी नातं आणि दुसरीचं तिसरीशी नातं, तर पहिलीचं तिसरीशीही तेच नातं हवं. जावेची जाऊ ती आपली जाऊच, मग हा संबंध ट्रान्झिटिव्ह, असं वर्गात सगळे म्हणतात. पण थोरलीची जाऊ कोण कोण? धाकटी, आणि तूसुद्धा! म्हणजे तुझ्या जावेची जाऊ तू स्वतः निघतेस, आणि स्वतःची जाऊ कुणी नसतं. नियम तिथेच मोडतो. 'पहिली आणि तिसरी वेगळ्याच हव्यात' असं व्याख्येत कुठेही लिहिलेलं नाही. लेकीला ही जागा नक्की दाखव.

संबंधाला कसलीच अट नाही. कुणाला तीन बाण, कुणाला एकही नाही. तुझ्या लेकीला तीन मामा, माझ्या पोराला एकही नाही, तरी 'मामा' हा संबंध आहेच. फलन (कुणी नुसतं फल म्हणतं) हाही संबंधच, पण त्याला शिस्त आहे: पहिल्या संचातल्या प्रत्येकाला उत्तर मिळालं पाहिजे आणि ते एकच मिळालं पाहिजे. ज्यांना उत्तर द्यायचं त्यांचा संच म्हणजे प्रांत. 'मामा' या कसोटीवर दोनदा नापास होतो. 'जन्मदात्री आई' पास होते, कारण ती प्रत्येकाला असते आणि एकच असते. चार भावंडांची आई एकच, हे चालतं. चौघांचे बाण एकाच ठिकाणी गेले तर हरकत नाही, एकाचेच दोन बाण फुटले तर मात्र फलन गेलं.

ही शिस्त किती कडक आहे ते मोजून बघ. तिघी सुना आणि दोन कामं: पोळ्या आणि भाजी. सून-काम अशा जोड्या होतात सहा. त्यातली प्रत्येक जोडी एक तर घ्यायची किंवा सोडायची, म्हणून संबंध होतात दोनाचा सहावा घात, ६४. त्यात एकीनेच दोन्ही कामं करायची आणि बाकीच्या दोघींनी बसून राहायचं, हेही आलं. कुणीच काही न करणं हेसुद्धा आलं, तो रिकामा संबंध. आता अट घाल की प्रत्येकीला एक आणि एकच काम. दोन गुणिले दोन गुणिले दोन, फक्त ८. चौसष्टातली आठ! आणि त्या आठांत दोन अशी की तिघी मिळून एकाच कामाला लागतात. पोळ्याही होतील आणि भाजीही, अशी उरतात सहा. दुसऱ्या संचातलं एकही काम असं रिकामं राहिलं नाही की पुस्तक त्याला 'ऑन्टू' म्हणतं.

या आठांत सूत्र कुठे दिसलं का तुला? एक्स नाही, वर्ग नाही, बरोबरचं चिन्ह नाही. आपण दोघी इथेच अडकलो होतो, नंदा. फलन म्हणजे सूत्र असं आपल्याला वाटायचं. त्यात आपली चूक नव्हती, मोठमोठ्यांनाही तसंच वाटत होतं. ऑयलर या मोठ्या गणितज्ञाने १७४८ च्या ग्रंथात फलनाची व्याख्या पदावली, म्हणजे सूत्रच, अशी केली होती. पुढे डिरिश्ले या गणितज्ञाने १८२९ मध्ये एक विलक्षण उदाहरण पुढे ठेवलं: संख्या परिमेय (दोन पूर्णांकांच्या भागाकाराने लिहिता येणारी) असेल तर एक ठरावीक किंमत, अपरिमेय असेल तर दुसरी. आलेख काढू म्हटलं तर काढता येत नाही, पण प्रत्येक संख्येला उत्तर एकच आहे.

आणि सूत्राशिवाय नुसत्या कोष्टकातून उत्तर देण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये 'आर्यभटीया'त अर्धज्यांमधले (अर्धज्या म्हणजे आपली साइन, त्रिज्येने गुणलेली) २४ फरक अक्षरांनी आकडे लिहून एका श्लोकात बसवले. 'मखि' म्हणजे २२५, 'भखि' २२४, 'फखि' २२२. पुढचे २१९, २१५, २१०, २०५, १९९. कोनाची प्रत्येक पायरी पावणेचार अंशांची. हे पहिले आठ आकडे तू स्वतः कागदावर मिळव. बेरीज १७१९ येईल. आठ पायऱ्या म्हणजे ३० अंश, आणि त्याने वर्तुळाची त्रिज्या धरली होती ३४३८. बरोबर निम्मी! साइन ३० म्हणजे अर्धा, हे आपण घोकलं होतं ना, तेच. मी ही बेरीज पहिल्यांदा केली तेव्हा उत्तराकडे बघतच बसले होते.

आता एसटीत बस. भाडं टप्प्यावर, टप्पा सहा किलोमीटरचा. हिशेबाला सोपं म्हणून टप्प्याला दहा रुपये धर. सात किलोमीटरला दोन टप्पे, वीस रुपये. अकरालाही वीस. अंतर सांगितलं की भाडं ठरलं, म्हणून फलन. पण उलटं कर. कुणी म्हणालं, "मी वीसचं तिकीट काढलं," तर तो किती लांब गेला? सात? नऊ? बारा? सांगता येत नाही. उलट्या दिशेने संबंध उरतो, फलन उरत नाही. वायचा वर्ग बरोबर एक्स, यात हेच होतं. एक्सला नऊ घातलं की वाय तीनही आणि उणे तीनही. आलेखावर उभी पट्टी धरली की ती दोन ठिकाणी कापते ती यामुळेच.

शिवाय मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. तू आणि भाऊजी एकाच सीटवर, अंतर अकरा किलोमीटर, त्यांना वीस आणि तुला दहा. एकाच अंतराला दोन उत्तरं! म्हणजे 'अंतरावरून भाडं' हे आता फलन राहिलं नाही. मग कंडक्टर काय करतो? तिकीट फाडण्याआधी दोन गोष्टी बघतो, कोण आणि कुठे. (बाई, ११) या जोडीला दहा, (पुरुष, ११) या जोडीला वीस. प्रांतात आता नुसती अंतरं नाहीत, जोड्या आहेत, आणि पुन्हा प्रत्येकाला उत्तर एकच. उत्तरं दोन येत असतील तर आपण काहीतरी विचारायचं विसरलोय का, हे मी वर्गात नेहमी बघायला लावते.

लेकीला या भाड्याचा आलेख काढायला बसव, पूर्ण तिकिटाचा. आडव्या अक्षावर किलोमीटर, उभ्यावर रुपये. जिना तयार होईल. खरी परीक्षा सहा किलोमीटरपाशी आहे. बरोबर सहाला दहा रुपये, त्याच्या जरा पुढे गेलं की वीस. म्हणून खालच्या पायरीच्या टोकाला भरीव ठिपका आणि वरच्या पायरीच्या सुरुवातीला पोकळ. दोन्ही भरीव काढले तर सहाला दोन भाडी होतात, आणि दोन्ही पोकळ काढले तर सहा किलोमीटरच्या माणसाला तिकीटच मिळत नाही. तिने कोणते काढले ते मला कळव, आणि तूही एक जिना काढून त्याचा फोटो पाठव. या वेळी वही मिटू नकोस.

सासूबाईंना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझी,
विद्या