गोळ्या नंतर, आधी पडदा तपासा

रविवारच्या पुरवणीत डोळ्यांपुढे तरंगणाऱ्या ठिपक्यांवर सप्लिमेंटच्या गोळ्या सुचवणारा लेख वाचला, राहवलं नाही म्हणून लिहितोय. त्यात आधार घेतलेल्या २०१३च्या एआरईडीएस-२ या डोळ्यांवरच्या अमेरिकन अभ्यासात ल्युटीन (पालेभाज्यांतलं पिवळं रंगद्रव्य) १० मिलिग्रॅम होतं हे खरं, पण तो अभ्यास उतारवयातल्या मॅक्युलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मधल्या भागाच्या, झिजेवरचा, ठिपक्यांवरचा नव्हताच. ठिपके म्हणजे डोळ्यातली जेली वयानुसार पातळ होते नि तिच्या तंतूंची सावली पडद्यावर पडते. आमच्या आईला अचानक ठिपके वाढले, कडेला वीज चमकल्यासारखं दिसायला लागलं आणि आम्ही पंचवटीत मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर तीन आठवडे घालवले, तोवर पडदा सुटला होता. असं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्या, एवढी एक ओळ तरी लेखात हवी होती.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक