दोन शून्यं लावू नकोस

मिरज,
५ नोव्हेंबर २०२५

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रोज फोन होत असताना बाबांना पत्राचं काय सुचलं, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि तुझी आई शेजारी बसून "थंडी आहे का विचारा, थंडी आहे का विचारा" चालू ठेवते. त्यात विचारायचं ते राहून जातं.

पार्सल सोमवारी निघालं. पेढे मात्र कुरिअरवाल्यानं बाहेर काढले. बाहेरून युरोपात दुधाचं काही पाठवता येत नाही, तूपसुद्धा नाही. तुझ्या आईनं त्याच्याशी पंधरा मिनिटं वाद घातला आणि शेवटी पेढे त्यालाच देऊन आली. भडंग, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट एवढं येतंय.

तुझ्या जर्मनीतल्या पाच आठवड्यांतल्या गमती आम्ही दोघं परत परत उगाळतो. आखनला उतरल्यावर दुसऱ्या दिवशी तू पाण्याच्या सहा बाटल्या उचलून आणल्यास आणि भात लावताना कळलं की हा तर सोडा! आपल्याकडे पोट बिघडलं की माणूस सोडा पितो. सोड्यात भात शिजवणारी आपल्या घराण्यात तू पहिलीच. आणि नळाचं पाणी चांगलं प्यायचं असतं, हे आठवड्यानं समजलं. फोडणीत मोहरी तडतडली आणि छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला, तेव्हा शेजारच्या खोलीतला मुलगा टॉवेल फिरवत धावत आला, तेही मी सगळ्या गल्लीला सांगून झालंय. काळ्या पावाची गंमत वेगळीच. तू म्हणालीस "राईच्या पिठाचा", आईनं ऐकलं मोहरी. दोन दिवस ती म्हणत होती, मोहरीचा पाव खाऊन पोरीच्या पोटात आग पडेल. राय नावाचं धान्य असतं, त्याचं पीठ आंबवून तो पाव करतात, हे तिला समजावलं. आता म्हणते, आंबट आहे तर ताकातल्या भाकरीसारखं समज आणि खा.

रात्री ते लोक गरम जेवतच नाहीत, पाव, चीज आणि काकडी म्हणजे जेवण, याचं तुला फार वाईट वाटलं होतं. मला नाही वाटलं. माझ्या लहानपणी रानातून यायला उशीर झाला की सकाळची भाकरी, दही आणि कांदा. चूल कोण पेटवतंय रात्री? बटाटा मात्र रोजचाच आहे म्हणतेस, त्यावर आईचं म्हणणं, रोज बटाटा म्हणजे रोज एकादशीच की.

आता मुद्द्याचं.

त्या सहा बाटल्या रिकाम्या झाल्यावर तू दुकानातल्या मशीनमध्ये टाकल्यास आणि प्रत्येकीचे अनामतीचे २५ सेंट परत मिळाले, ते सांगताना एका दमात म्हणालीस, "बाबा, दीडशे रुपये सुटले!" मी हसलो, पण मनात ते टोचलं. सेंटचे रुपये इतक्या झटकन होतात म्हणजे पोरगी दिवसभर हेच करत असणार. मग माझ्या लक्षात यायला लागलं. वर्गातली मुलं कॉफीला गेली, तू गेली नाहीस, कारण तीनशे रुपये. मेन्सात, म्हणजे तुमच्या विद्यापीठाच्या खानावळीत, दुपारी गरम ताट मिळतं, तेही तीनशे, म्हणून खोलीवर येऊन जॅम-पाव. फ्लॉवरचा गड्डा हातात घेतलास आणि ठेवून दिलास. युरोला साधारण शंभर रुपये, त्यामुळे गुणाकारही सोपा, नुसती दोन शून्यं लावायची. आणि परवा तर कहर केलास. महिन्याला दीडशे युरो वाचतात, ते कर्जाच्या हप्त्याला पाठवते म्हणालीस.

मनू, मी एस.टी.च्या आगारात तीस वर्षं रोकड मोजली आहे. हिशोब मला कळतो. तुझ्या ब्लॉक्ड अकाउंटला आपण ११,९०४ युरो भरले, त्यातले महिन्याला ९९२ तुझ्या हातात येतात. हा आकडा तुझ्या बाबांनी काढलेला नाही, त्या देशानं काढलाय. विद्यार्थ्याला राहायला-खायला एवढे लागतात, त्याशिवाय येऊ नका, असं ते म्हणतात. त्यातून खोलीचं भाडं आणि विमा गेला की उरतं ते खायचंच. तू त्यातले दीडशे काढणार म्हणजे कुठून काढणार? ताटातूनच ना?

मी कॉलेजला सांगलीत होतो तेव्हा गावाकडून एस.टी.नं डबा यायचा. सकाळच्या गाडीला आई कंडक्टरच्या हवाली करायची, ड्रायव्हरच्या सीटमागं तो ठेवलेला असायचा, अकराला स्टँडवर जाऊन मी घ्यायचा. कापडाच्या गाठीवर आईनं लाल दोरा बांधलेला, ओळखीसाठी. रात्रीच्या खानावळीचे पैसे घरून वेगळे मिळत. वर्षभर मी खानावळीत आठवड्यातून दोनदाच गेलो आणि बाकीचे पैसे साठवले. घरी सांगायचो, रोज जेवतो. आईला कळलं ते डब्यावरून. आधी मी चतकोर भाकरी परत पाठवायचो, मग डबा पुसून काढल्यासारखा जायला लागला, चटणीचा कणसुद्धा नाही. पुढच्या सोमवारी डब्यात भाकरी दुप्पट आल्या, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी डब्याबरोबर आईच उतरली गाडीतून. स्टँडवर सगळ्यांसमोर एक शब्द बोलली नाही. खानावळीत जाऊन महिन्याचे पैसे स्वतः भरून आली.

तुझा डबा काही परत येत नाही, आणि मला आखनची एस.टी. नाही. म्हणून विचारतो आहे.

दुपारचं ताट मेन्सात घ्यायचं, रोज. महिन्यातून चारदा त्या मुलांबरोबर कॉफी. रविवारी दुकानं बंद असतात हे विसरून दोन रविवार दुधाविना काढलेस, तेव्हा शनिवारी संध्याकाळी पिशवी घेऊन बाहेर पडायचंच. आणि तो क्वार्क म्हणून मिळतो ना, तो तुझ्या आईनं फोनवर नीट बघितला, तिच्या मते तो चक्काच. ज्यावर ४० लिहिलेलं असतं तो आण, रात्रभर फडक्यात बांधून ठेव, साखर आणि वेलदोडा घाल. पाडव्याला श्रीखंड झालं नाही, ते आता कर. हप्त्याचं मी बघतो.

घड्याळ एक तास मागं गेल्यापासून आईचा गोंधळ चालू आहे. तुमच्या आमच्यात साडेतीनचे साडेचार तास कसे झाले, ते तिला पटत नाही. त्यामुळे पहाटे फोन आला तर रागावू नकोस.

उत्तरात "जेवले" असं लिहू नकोस. काय जेवलीस ते लिही.

तुझे
बाबा

ता. क. पार्सलला किती लागले ते आईला विचारू नकोस. पावती मी फाडून टाकली आहे.