बॉस्टनमध्ये वाद बसचा नव्हता

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात शाळांच्या एकत्रीकरणाला, म्हणजे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकाच शाळांत आणण्याला, झालेल्या विरोधावरील लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. घराजवळची शाळा सोडून मुलांना बसने लांब जावे लागणार म्हणून गोरे पालक चिडले, एवढेच त्यात सांगितले आहे. जन्मभर शाळेत शिकवलेल्या मला हे पटले नाही.

शाळांतील वर्णानुसार विभागणी मोडण्यासाठी मुलांना बसने दुसऱ्या वस्त्यांतील शाळांत पाठवायला लावणारा न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांचा निकाल जून १९७४ मधला. त्याच्या ११ वर्षे आधी नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या रूथ बॅटसन यांनी शहराच्या शाळा चालवणाऱ्या शाळा समितीपुढे कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दुरवस्था मांडली आणि या शाळा वर्णानुसार विभागलेल्या आहेत, एवढे तरी मान्य करा, अशी मागणी केली. लुईझ डे हिक्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तेवढेही मान्य केले नाही. १९६५ मध्ये रॉक्सबरी या कृष्णवर्णीय वस्तीतील पालकांनी स्वतः पैसे उभे करून बस ठरवल्या आणि जिथे बाक रिकामे होते अशा गोऱ्या वस्तीतील शाळांत मुले पाठवली, कारण समिती प्रवासखर्च द्यायला तयार नव्हती. म्हणजे बस आधीपासून धावतच होत्या. ‘सक्तीची बस’ हा शब्दप्रयोग गाजला तो कोर्टाच्या हुकमाने बस धावणार म्हटल्यावर.

१२ सप्टेंबर १९७४ रोजी बहुतेक शाळा शांतपणे सुरू झाल्या. साउथ बॉस्टन या गोऱ्या वस्तीतून कृष्णवर्णीय मुलांना घेऊन परतणाऱ्या बसवर मात्र दगडफेक झाली. रॉक्सबरीच्या फ्रीडम हाउस या समाजकेंद्रात मुले रडत उतरली तेव्हा त्यांच्या केसांत काचा अडकल्या होत्या. लेखात या मुलांबद्दल एक ओळही नसावी, याचे फार वाईट वाटले.

साउथ बॉस्टनच्या कष्टकरी आयरिश कुटुंबांची एक तक्रार मात्र रास्त होती, हेही नमूद करते. डेट्रॉइट शहरातील शाळांच्या अशाच खटल्यात त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपनगरांना अशा योजनांतून जवळजवळ मोकळे केले, त्यामुळे सगळा भार शहरातल्या गरीब गोऱ्या आणि गरीब काळ्या वस्त्यांवरच पडला. खुद्द गॅरिटी वेलस्ली या सुखवस्तू उपनगरात राहत. परंतु त्या संतापाची झळ ज्यांनी सोसली, त्या मुलांचा या निर्णयात काहीच हात नव्हता.

या विषयावर पुन्हा लेख छापणार असाल, तर त्याची सुरुवात १९७४ पासून न करता १९६३ च्या त्या बैठकीपासून करावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली