तुर्भ्यातील एका प्राथमिक शाळेकडून संगणक अभियंता ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही जाहीर करू नये अशी आपली इच्छा असल्यामुळे या पत्रात ते लिहिलेले नाही. पत्र मात्र मी मुद्दाम उघड लिहीत आहे, कारण विद्यार्थ्यांच्या प्रगतीची नोंद ठेवण्यासाठी आपण आमच्या शाळेला जी संगणकीय व्यवस्था उभी करून दिली, तिच्यामागचा विचार इतर शाळांपर्यंत आणि शाळांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या इतर अभियंत्यांपर्यंतही पोहोचावा असे मला मनापासून वाटते.

प्राथमिक शाळेत नोंदींची कमतरता कधीच नव्हती. शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यावर २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि तेव्हापासून पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर शिकवता शिकवता होणाऱ्या) मूल्यमापनाला ७० टक्के व संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) मूल्यमापनाला ३० टक्के, तिसरी-चौथीला ६० आणि ४० टक्के, असा भारांश आपल्याकडे रुळला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने, प्रत्येक विषयाच्या श्रेणी आणि त्यांच्या जोडीला प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी, एवढे सगळे वर्गशिक्षक लिहीत आले. पुढे २०१५ मध्ये शाळा व विद्यार्थ्यांच्या माहितीची राज्याची ‘सरल’ ही ऑनलाइन प्रणाली आली, यू-डायस या देशपातळीवरील शाळा-माहिती प्रणालीत माहिती भरणे आले, आणि आता नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे गुणही प्रश्ननिहाय मोबाइलवरून भरले जातात. राज्याला आपल्या लाखो मुलांचे चित्र हवे असते आणि ते असायलाच हवे. पण राज्याच्या चित्रात जे दिसते त्याहून फार बारीक गोष्ट वर्गशिक्षिकेला हवी असते. उद्या सकाळी पहिल्या तासाला कोणत्या मुलांना जवळ घेऊन बसायचे आणि त्यांच्याकडून नेमके काय करून घ्यायचे, हे तिला ठाऊक असावे लागते. ही गोष्ट सांगणारी नोंद आमच्याकडे नव्हती, आणि आपण तीच आम्हाला मिळवून दिलीत.

ऐरोलीतल्या कार्यालयातले आठवड्याचे काम संपवून शनिवारच्या सकाळच्या शाळेला आपण येऊ लागलात, तेव्हा आमच्या शिक्षकांना वाटले होते की आपण थेट संगणक उघडून बसाल. आपण वर्गात, मुलांच्या मागच्या सतरंजीवर बसलात. शिक्षिका वही तपासताना कुठे थांबतात, कोणत्या मुलाला पुन्हा उभे करतात, कोणाच्या उत्तरावर मान हलवून पुढे जातात, हे आपण पाहत राहिलात, आणि त्यानंतरच नोंदवह्या मागवल्यात. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून आपण एकच गोष्ट विचारत होतात: हा भरल्यामुळे उद्याच्या तासात काय बदलेल? ज्या रकान्याला उत्तर मिळाले नाही तो आपल्या तक्त्यात आला नाही. शासनाला द्यायची माहिती वेगळी ठेवली, वर्गासाठीची वेगळी. आणि वर्गासाठीची नोंद इतकी आटोपशीर केलीत की शिक्षिकेला ती मधल्या सुट्टीत, मोबाइलवर, इंटरनेट नसतानाही भरता येते. मधल्या सुट्टीच्या त्या पंधरा-वीस मिनिटांत जे काम होत नाही ते संध्याकाळी घरी न्यावे लागते, आणि घरी नेलेले काम फार दिवस टिकत नाही, हे आपण न सांगता ओळखलेत.

गणिताच्या नोंदीबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या कामाचे खरे मोल तिथे आहे. तिसरीच्या वर्गात ४२ वजा १७ हे उदाहरण दिले की चुकलेल्या सर्व मुलांना आजवर सारखाच शून्य मिळत असे. आपण सुचवलेत की बरोबर-चूक अशी खूण न करता मुलाने लिहिलेले उत्तर जसेच्या तसे भरावे. बदल एवढाच, पण त्यातून वर्ग वेगळाच दिसू लागला. ज्याने ३५ लिहिले त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. त्याला दशकाचा गठ्ठा सोडून सुट्या काड्या करण्याचा अनुभव पुन्हा द्यायला हवा. ज्याने ५९ लिहिले त्याने बेरीज केली आहे, त्याने चिन्ह पाहिले नाही किंवा त्याला ते उमगले नाही. ज्याने २४ लिहिले त्याला रीत येते, बोटांवर मोजताना एक आकडा निसटला आहे. आणि ज्याने ५२ लिहिले त्याचे गणित बहुधा बरोबरच आहे. मनात ‘पंचवीस’ आले, त्यातला पाच आधी ऐकू आला आणि आधी लिहिला गेला. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस पाच’ अशा संख्यावाचनाचा पर्याय आला तेव्हा राज्यभर वाद झाला होता, पण या वयातल्या मुलांची ही अडचण प्रत्येक प्राथमिक शिक्षकाने वर्गात पाहिलेली आहे. चौघांचे उत्तर चुकीचे आणि चौघांची गरज वेगळी. आपली व्यवस्था सारखे उत्तर लिहिणाऱ्या मुलांची नावे एकत्र आणून दाखवते, त्यांचे गट पाडते आणि तिथे थांबते. पुढे काय शिकवायचे ते शिक्षिका ठरवते. संगणकाने नेमके कुठे थांबावे हे ज्याला कळते, त्याच्यावर शिक्षक विश्वास टाकतात, आणि आमच्या शाळेत तो विश्वास आपल्याला मिळाला.

वाचनाच्या बाबतीत आपण आमच्याशी अनेकदा चर्चा केलीत. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पायऱ्या ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातील संस्थेच्या ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीमुळे २००५ पासून सर्वांच्या परिचयाच्या आहेत, आणि पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असे लक्ष्य ठेवले आहे. शब्द मोजायला घड्याळ पुरते. समजले की नाही हे कळण्यासाठी मात्र मुलाला बोलते करावे लागते. आमच्या वर्गात आगरी-कोळी घरांतली मुले आहेत, मराठवाड्यातून खाणकामासाठी आणि नाक्यावरच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांतली मुले आहेत, घरी बंजारा, कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुले आहेत. ‘पाणी’ हा शब्द एखादी आगरी मुलगी ‘पानी’ असा वाचते, तेव्हा ती वाचनाची चूक धरायची का, हा प्रश्न आपणच उपस्थित केलात. आम्ही सर्वांनी बसून ठरवले की तिने अक्षर ओळखले आहे, शब्दाचा अर्थ तिला माहीत आहे आणि उच्चार तिच्या घरचा आहे. ती चूक नाही. त्याचप्रमाणे गोष्टीत काय घडले ते मूल स्वतःच्या घरच्या भाषेत सांगत असेल तरी ‘समजले’ अशी नोंद होते. हा निर्णय व्यवस्थेतच नोंदलेला असल्यामुळे वर्ग बदलला, शिक्षक बदलले तरी निकष बदलत नाही. भाषेचे इतके नाजूक भान एका संगणक अभियंत्याकडे असेल अशी अपेक्षा मी केली नव्हती, आणि त्यासाठी मी आपली विशेष ऋणी आहे.

गैरहजेरीचेही तसेच. आमच्या वस्तीतली काही कुटुंबे दिवाळीनंतर गावी जातात, काही कामाच्या मागे दुसऱ्या उपनगरात जातात आणि दोन-तीन महिन्यांनी परततात. त्या काळातल्या चाचण्यांपुढे पूर्वी शून्य पडत असे आणि सरासरी काढली की शाळेत नसलेले मूल शिकत नसलेले मूल म्हणून दिसत असे. आपण रिकामा चौकोन रिकामाच ठेवलात, तो कोणत्याही सरासरीत धरला नाही, आणि मूल परत आले की त्याची शेवटची नोंद सर्वांत वर दिसेल अशी सोय केलीत. यंदा एक मुलगी गावाहून जानेवारीत परतली तेव्हा ती जोडाक्षरांपाशी थांबली होती हे तिच्या बाईंना त्याच दिवशी दिसले. वर्ग गोष्टी वाचत होता, पण तिला तिथून सुरुवात करून दिली गेली. मार्चपर्यंत ती परिच्छेद वाचू लागली. याचे श्रेय तिच्या जिद्दीला आणि तिच्या बाईंच्या कष्टांना आहे, हे खरे. पण कुठून सुरुवात करायची हे शोधण्यात तिचे आठवडे गेले नाहीत, ते आपल्यामुळे.

नावांची अडचणही आपण सहज सोडवलीत. एकाच मुलाचे नाव हजेरीपटावर एका पद्धतीने, आधारकार्डावर दुसऱ्या आणि निकालपत्रकात तिसऱ्या पद्धतीने लिहिलेले असते, आणि त्यामुळे संगणकाला ती तीन मुले वाटतात. जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला, क्रमांक शाळेत असेपर्यंत बदलत नाही, तो धरून चला, असे आपण सुचवलेत आणि प्रश्न संपला.

एका बाबतीत आपण आमच्याच काही सहकाऱ्यांची विनंती मान्य केली नाहीत, आणि ते योग्य केलेत. वर्णनात्मक नोंदींसाठी तयार वाक्यांची यादी द्यावी, म्हणजे एक वाक्य निवडून काम होईल, अशी ती विनंती होती. वर्षअखेरीला कामाचा भार किती असतो हे मी रोज पाहते, म्हणून ती मागणी मला समजते. तरीही ‘स्वतःहून प्रश्न विचारतो’ हे वाक्य वर्गातल्या वीस मुलांसमोर आले तर पालकाला त्यातून स्वतःच्या मुलाबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी आपण मोबाइलवर मराठीत बोलून नोंद लिहिण्याची सोय दाखवलीत. आमच्या एक ज्येष्ठ शिक्षिका, ज्यांना टंकलेखन जड जात असे, आता वर्ग सुटल्यावर दोन-तीन मुलांविषयी बोलतात आणि त्या नोंदी वाचताना ती मुले डोळ्यांसमोर उभी राहतात. पालकसभेत अशी नोंद वाचून दाखवली, तेव्हा स्वतः लिहिता-वाचता न येणाऱ्या एका आईने ती पुन्हा वाचायला सांगितली.

मुलांचे क्रमांक लावणारी सोय आपण ठेवली नाही. आधार क्रमांक, जात, पालकांचे उत्पन्न यांपैकी काहीही या व्यवस्थेत घेतले नाही, कारण शिकवण्यासाठी त्यांची गरज नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, हे आपण आम्हाला समजावून सांगितलेत आणि कोणती नोंद का ठेवतो हे पालकसभेत सोप्या शब्दांत सांगण्याचा आग्रह धरलात. माहिती शाळेकडे राहते, शाळा सोडताना पालकांना मुलाच्या नोंदींची छापील प्रत मिळते. गेल्या वर्षी आमच्या एका शिक्षिकेची वर्षाच्या मध्यावर बदली झाली, तेव्हा नव्याने आलेल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात वर्गाचे गट पाडून शिकवायला सुरुवात केली. एरवी जूनपासून शिकवणाऱ्यांनाही मुलांची ओळख होण्यातच दिवाळी येते.

आपण या कामाचे मानधन घेतले नाही, प्रवासखर्चही घेतला नाही. शाळेने देऊ केलेली शालही आपण संकोचाने परत केलीत. त्यामुळे शाळेतील सर्व शिक्षक, शाळा व्यवस्थापन समिती आणि पालक यांच्या वतीने हे आभार शब्दांतच मानत आहे. आमच्या केंद्रातील (जवळपासच्या शाळांच्या गटातील) इतर शाळांनी ही व्यवस्था पाहायला मागितली आहे. ती कोणालाही विनामूल्य द्यावी, फक्त देताना त्या शाळेच्या शिक्षकांसोबत बसून रकाने पुन्हा ठरवावेत, ही आपली अट आम्ही पाळत आहोत आणि केंद्रातील शिक्षकांच्या पुढच्या शिक्षण परिषदेत आमच्या तिसरीच्या बाई वजाबाकीच्या नोंदी स्वतः दाखवणार आहेत.

जूनमध्ये पहिलीची नवी मुले येतील. बालवाडीतून आलेली आणि थेट घरातून आलेली मुले पहिल्या महिन्यात वेगळ्या रीतीने पाहावी लागतील, असे पहिलीच्या बाईंचे म्हणणे आहे, आणि त्यासाठी कोणत्या नोंदी हव्यात याचा कच्चा आराखडा त्यांनी केला आहे. आपल्या सवडीच्या एखाद्या शनिवारी तो आपण पाहावा, अशी त्यांची आणि माझी विनंती आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
मुख्याध्यापिका
प्राथमिक मराठी शाळा, तुर्भे, नवी मुंबई